ओंडिजोसाहेबांचा नंबर

चेकवर आकडा टाकून झाला होता, सही तेवढी राहिली होती. ओंडिजोसाहेबांनी पेन वर उचललं आणि म्हणाले, “एक बारीकशी अट आहे.”

किसुमूच्या चर्चचा हॉल गच्च भरला होता. हरांबे, म्हणजे वर्गणीची जाहीर सभा, शाळेच्या छपरासाठी भरते, कुणाच्या आजारपणासाठी भरते. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी भरलेली ही पहिलीच. निम्म्या लोकांना अजूनही वाटत होतं, की आपण अपोंडीच्या ऑपरेशनसाठी आलोय.

अपोंडी ठणठणीत होती. तिनं आणि तिच्यासारख्या काही वेड्यांनी नोकऱ्या सांभाळून, फुकट लिहिलेली ही सिस्टीम. नाव ‘दाला’, म्हणजे घर. भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरवरही ती चालायची. दवाखान्यात चालायची, शाळेत चालायची. पण अजून अर्धीच होती, आणि पुरी करायला कुणीतरी वर्षभर तिच्यावर ठाण मांडून बसायला हवं होतं. आज वर्षाचा पगार जमला तर अपोंडी बसणार, नाहीतर सोमवारी नैरोबीच्या बँकेत रुजू होणार. साहेबांच्या त्या एका चेकमध्ये अख्खं वर्ष मावत होतं.

“बोला ना साहेब,” ती म्हणाली.

साहेबांचा धंदा मोबाइलवरून कर्ज देण्याचा. त्यांनी भिंतीवर पडदा म्हणून लावलेल्या चादरीकडे बोट केलं. चादरीवर समोरच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा दालाचा खेळ दिसत होता: गाणं वाजतंय, दवाखान्यातली औषधं मोजली जातायत, प्रिंटर शाळेचे पेपर छापतोय, आणि कोपऱ्यात साहेबांच्या कर्जाची जाहिरात. ती त्यांच्या इंजिनिअरनं नुकतीच पेनड्राइव्हवरून घातली होती.

“माझं जरा रखडतंय.”

“रखडत नाहीये साहेब, नंबरानं चाललंय. हा जुना कॉम्प्युटर एका वेळी एकाचंच काम करतो. दाला प्रत्येकाला क्षणभर देते, काढून घेते, पुढच्याला देते. इतक्या भराभर, की सगळी एकदम चालल्यासारखी वाटतात.”

“तेच म्हणतोय मी. माझ्याकडून काढून घ्यायचं नाही. आधी माझं होऊ दे, मग बाकीच्यांचं.”

“तुमचं कधी होणारच नाही साहेब. जाहिरात संपते का कधी?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. “कोडमधल्या एका ओळीचं काम आहे म्हणतो माझा इंजिनिअर. ती ओळ बदल, मी सही करतो.”

एका ओळीचंच काम होतं, तेच तर दुखणं होतं. अपोंडीनं कीबोर्ड पुढे ओढला. ती ओळ तिला तोंडपाठ होती.

पुढच्या बाकावर रोझबेला मावशी बसली होती, मासळीबाजारातल्या बायकांच्या भिशीची अध्यक्ष. नंबराची सगळी रीत अपोंडीनं तिच्याकडूनच उचलली होती. “आमच्यात एकीनं दोनदा भिशी उचलली होती,” मावशी शेजारणीला सांगत होती, पण ऐकू सगळ्यांना जात होतं. “तिला अजून कुणी मीठसुद्धा विकत नाही.”

अपोंडीनं कीबोर्ड मागे सारला.

“नाही साहेब.”

“काय नाही?”

“ओळ बदलणार नाही. दवाखान्याची औषधं तुमच्या जाहिरातीमागे खोळंबणार नाहीत. दाला बंद पडली तरी चालेल.”

“मग पडेलच! जा नैरोबीला. हे भंगार कोण विचारतंय तुझ्यामागे?”

साहेबांनी चेक फाडला नाही. नीट घडी करून खिशात ठेवला. पैशाशी ते कधी उद्धटपणे वागत नसत. ते तरातरा निघाले, मागोमाग इंजिनिअर, आणि त्या घाईत पेनड्राइव्ह तिथेच राहिला.

अपोंडीला रडू फुटलं, निव्वळ रागाचं.

मावशी उठली. “बायांनो, ऑपरेशन नाहीये हे, कळलं ना आता? या महिन्याच्या भिशीचा नंबर माझा आहे. तो मी हिला दिला.”

“मावशी, तू तर मासळीसाठी फ्रीजर घेणार होतीस!” अपोंडी म्हणाली.

“माझा नंबर, मी वाट्टेल त्याला देईन. तू कोण विचारणारी?”

मग कुणी नोटा आणल्या, कुणी अंडी. एकानं कोंबडी दिली. तिचा लिलाव झाला, घेणाऱ्यानं ती परत वर्गणीत घातली, पुन्हा लिलाव झाला. कोंबडी पार वैतागली. वर्ष काही जमलं नाही, पण काही महिने जमले. अपोंडीनं तिथल्या तिथे नैरोबीला कळवून टाकलं, येत नाही म्हणून.

मावशीचं लक्ष चादरीकडे गेलं. “अगं, त्याचं ते अजून चाललंय की! हाकल आधी.”

अपोंडीनं डोळे पुसून वर पाहिलं. गाणं वाजत होतं, औषधं मोजली जात होती, प्रिंटरमधून पेपर पडत होते. आणि कोपऱ्यात साहेबांची जाहिरात, नंबर येईल तशी पुढे सरकत होती.

“राहू दे मावशी,” ती म्हणाली. “दालात त्याचाही नंबर आहे.”