बारा टॅब आणि एक यादी

आठवा टॅब पुसून झाला तेव्हा मुबांगाची मान धरली होती. अजून चार उरले होते. खाणीच्या पोटात, सहाशे नव्वद मीटर खाली, ती एका रिकाम्या खोक्यावर बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला किरकोळ दुरुस्ती चालली आहे म्हणून सांगत होती.

दुरुस्ती कसली? स्वतःचीच घोडचूक ती निस्तरत होती.

खाली नेटवर्क नाही. टॅब कोणा एकाचा नाही. कामाची पाळी सुरू झाली की हाताला येईल तो उचलायचा आणि टेकू कुठे, सुरुंग कुठे, ते नकाशे त्यावर बघायचे. त्यामुळे नाव-पासवर्डाची भानगडच ठेवली नव्हती. वर ऑफिसात ज्याला जेवढी मुभा तेवढंच दिसतं, इथे सगळ्यांना सगळं. आणि सोमवारी मुबांगाने वरच्या ऑफिसातल्या सिमफुक्वे साहेबांनी दिलेली डिस्क, निवडत कोण बसणार म्हणून, आख्खीच्या आख्खी बाराही टॅबवर ओतली होती.

काल संध्याकाळी तिला त्यात ती फाइल दिसली. ‘महिनाअखेर कामावरून कमी’.

तिने ती उघडली नाही. नावं वाचली असती तर या माणसांच्या तोंडाकडे बघणं जमलं नसतं. हा भित्रेपणा होता, आणि तिला तो कळत होता.

शिवाय तिचं स्वतःचंही होतंच. चार वर्षं ती कंत्राटावर होती. हे बारा टॅब नीट बसव, मग तुला कायम करण्याचं बघू, असं सिमफुक्वे साहेब म्हणाले होते. नोकरी गेली तर खाणीची खोलीही जाणार, आणि तिच्या मुलाची, चॉलाची, शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. यादी फुटल्याचं वर कळलं असतं तर आटोपलंच सगळं.

माणसं तरी किती चांगली. सोमवारी त्यांनी तिची यथेच्छ थट्टा केली होती. ड्रिलवरचा सिन्काला टॅब उलटा धरून म्हणाला होता, “चॉलाची आई, यावर न्शिमा शिजते का हो?” मंगळवारपासून मात्र सगळे एकदम मवाळ झाले. कोणी तिची पिशवी उचली, कोणी बसायचं खोकं पुसून देई. आज सिन्कालाने डब्यातली अर्धी सुकी मासळी न बोलता तिच्यापुढे सरकवली. ती खाताना मुबांगाला गलबलून आलं. यातल्या कितीजणांना वरचे साहेब लोक घरी बसवणार होते कुणास ठाऊक.

बारावा टॅब पाळीचे मुकादम कासोंदेबाबा स्वतः घेऊन आले. म्हातारा सहसा बसत नसे, आज शेजारी बसला.

“ती यादी काढताय ना?” त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. तिने मान हलवली. “कोणी कोणी वाचली, बाबा?”

“सगळ्यांनी. सोमवारीच.”

म्हणजे चार दिवस या माणसांनी ते पोटात ठेवून टेकू लावले, सुरुंग भरले आणि शिवाय तिच्या पिशव्या उचलल्या. मुबांगाला स्वतःची विलक्षण लाज वाटली. साहेबांची भीती कुठल्या कुठे गेली.

“मला माफ करा, बाबा,” ती म्हणाली. “वर गेले की मी सरळ साहेबांपुढे उभी राहते. तीस-तीस वर्षं राबलेल्या माणसांना असं काढतात का? माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

कासोंदेबाबांनी डोक्यावरचं शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलं. बराच वेळ ते त्याच्या दिव्याची वायर गुंडाळत राहिले.

“आमच्यातला कोणी नाही त्यात,” ते म्हणाले. “तुम्हाला कसं सांगायचं, याचाच आम्ही सगळे चार दिवस विचार करतोय, चॉलाची आई. पहिलंच नाव तुमचं आहे.”