पोकळ बर्फ

चिस्पाने विमानात चढायच्या फळीवर पंजा ठेवला. फळी ‘ठण्’ वाजली, तशी ती पंजा मागे घेऊन बर्फात फतकल मारून बसली. हे चौथ्यांदा झालं, तेव्हा सार्जंट लेदेस्माने कपाळावर हात मारून घेतला.

“चल ना गं बाई! किती छळशील?”

बाई जागची हलली नाही. तिच्यामागे बाकीची सात कुत्री शेपटात नाक खुपसून निवांत बसली होती. म्होरकी चढल्याशिवाय त्यांतलं एकही चढणार नव्हतं. विमान हिमनदीवर पंखे फिरवत उभं होतं आणि वैमानिक सारखा खिडकीतून आभाळाकडे बोट दाखवत होता. हिवाळ्याआधीचं हे शेवटचं विमान. कुत्री आज गेली, तर तिकडे अर्जेंटिनात, उश्वायातल्या कुणाच्या तरी अंगणात म्हातारी होतील. राहिली, तर गोळ्या घालायच्या. आदेशात तिसरा रस्ता नव्हता.

“उचलून आत टाका ना, लेदेस्मा,” लेफ्टनंट इतुराल्दे म्हणाला. हा तळाचा प्रमुख, वयाने लेदेस्माच्या मुलाएवढा.

“टाका की साहेब. मघाशी तुम्हीच टाकत होतात ना?”

लेफ्टनंटने फाटलेला हातमोजा पाठीमागे लपवला.

लेदेस्माचं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. अंटार्क्टिकाच्या या टोकावर अर्जेंटिनाचा हक्क, चिलीचा हक्क, इंग्रजांचा हक्क. इंग्रजांशी तर बेटांवरून लढाईसुद्धा होऊन गेली. एका खडकावर म्हणून यांचं कधी जमलं नाही. आणि आता सगळे देश एका टेबलाशी बसले, नि एकमत कशावर झालं? कुत्र्यांवर!

“तोफा नकोत, कबूल. खाणी नकोत, शंभरदा कबूल,” तो म्हणाला. “पण हिने कुणाचं काय घोडं मारलंय?”

“कुत्र्यांचे रोग सीलना लागतात. आणि बाहेरचा प्राणी इथे ठेवायचा नाही, असं ठरलंय.”

“बाहेरचा? ही आपल्या कोठारामागे जन्मली, साहेब. हिची आई इथली, आजी इथली. तुम्ही डिसेंबरात आलात!”

“नियम मी केलेला नाही, लेदेस्मा.”

“कुणीच केलेला नसतो!”

खरं सांगायचं तर नियम चुकीचा नव्हता, आणि त्याचाच त्याला जास्त संताप येत होता. या आठ पोटांसाठी त्याने स्वतःच्या हाताने किती सील मारले होते, ते त्याचं त्यालाच माहीत.

चिस्पाचंही चुकत नव्हतं. ती पिल्लू असताना त्यानेच शिकवलं होतं, खालून पोकळ वाजलं की बसायचं. मी ओरडेन, शिव्या घालेन, तरी उठायचं नाही. पोकळ बर्फाखाली भेग असते आणि भेगेत गेलेला माणूस वर येत नाही. आज सकाळी तळावरून इथे येतानाही ती अशीच एकदा बसली होती. मागून इंजिनाच्या घसरगाडीवरून लेफ्टनंट ओरडला होता, “आता काय झालं?” लेदेस्माने सरळ सगळ्यांना लांबून वळसा घालायला लावला.

बसलेल्या चिस्पाला उठवायचा एकच उपाय होता. तो स्वतः पुढे गेला, तरच ती मागे यायची. त्याने पाय टाकला म्हणजे जागा भरवशाची, एवढंच तिला कळत होतं.

“पाच मिनिटं! नाहीतर मी निघालो!” वैमानिक ओरडला.

“बोंबल तिकडे,” लेदेस्मा पुटपुटला आणि फळीवरून आत जाऊन थंडगार पत्र्यावर बसला.

चिस्पाने फळी हुंगली. पंजा ठेवला. ठण् वाजलं. तरी ती आली आणि त्याच्या बुटावर हनुवटी टेकून बसली. तिच्या मागोमाग बाकीची सात. त्याने एकेकाचा गाडी ओढायचा पट्टा सोडवून त्याला गळपट्ट्याने कडीला अडकवलं. तिला सगळ्यांत शेवटी.

“थांब,” तो तिला म्हणाला आणि उतरला.

ती थांबली. भुंकली असती, चावली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तो परत येईल म्हणून ती दाराकडे बघत राहिली. वैमानिकाने दार ओढून घेतलं.

परतताना लेफ्टनंट गाडी चालवत होता. लेदेस्मा मागे बसला होता, मांडीवर रिकाम्या पट्ट्यांची गुंडाळी. वाऱ्याने सकाळच्या खुणा पार पुसून टाकल्या होत्या. भेगांचा भाग सुरू झाला, तशी लेफ्टनंटने गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

“सकाळी ती बसली, ती जागा कुठली?”

“इथेच कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे?”

“कुठेतरी म्हणजे कुठेतरी, साहेब! ती होती ना! मी कशाला लक्षात ठेवू?”

लेदेस्मा उतरला. कुत्र्यांच्या लांब दोराचं एक टोक त्याने स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं लेफ्टनंटच्या हातात दिलं. चार पावलं पुढे जाऊन त्याने पाय आपटला. आणखी थोडं पुढे जाऊन परत आपटला. मग गुडघ्यांवर बसला, टोपी वर सरकवली आणि बर्फाला कान लावला.

“काय म्हणतोय बर्फ?” लेफ्टनंटने हळूच विचारलं.

कान बधिर होईपर्यंत लेदेस्मा तसाच ओणवा राहिला.

“मला काय सांगणार, साहेब?” तो म्हणाला. “तो तिला सांगायचा.”