रत्नाबाई गप्प झाली

बोईसरला कंपनीत पत्रा ठोकायच्या प्रेस मशीनवर माजी पंचवीस वर्सं गेली. त्या धडधडीत कोण काय बोलतो ते कळत नाय, म्हणून आमी सगळे हातवाऱ्यानंच बोलतो. कानात घालायला बोळे देतात, ते माज्या खिशातच असतात.

पन्नाशीला बेस गिटार शिकायला घेतली. चिंचणीच्या बेंजो पार्टीचा मालक रामनाथ बोललेला, "पंढरी, हात बसला की हळदीला तुलाच उभा करतो." मग काय, ड्युटीवरून आलो की गिटार पोटाशी धरून बसायचो. तिचा आवाज सरळ छातीत शिरतो.

शेजारची रत्नाबाई पहिल्याच दिवशी दारात आली. "मेल्या पंढरी, बंद कर तुजी ती धुमधुम! माजी भांडी फळीवरून खाली आली!"

तवापासून रोज शिव्या. दिवाळीनंतर त्या कमी झाल्या. होळी झाली नि रत्नाबाई साफ गप्प. मी समजलो, हात बसला.

काल वाजवता वाजवता बायकोला बोललो, "अर्चना, रत्नाबाईला पण आता आवडायला लागलं बघ. रामनाथला फोन लाव, पुढच्या हळदीला मी येतो."

अर्चना काय बोलली नाय. हल्ली ती पण कमीच बोलते. तिनं डोळ्याला पदर लावला नि खांदा धरून मला दाराकडं वळवलं.



दारात रत्नाबाई लाटणं घेऊन उभी होती, मानेच्या शिरा ताठ, तोंड सारखं उघडझाप करत होतं, नि मला एक शब्द ऐकू येत नव्हता.