बाबांच्या वेळचं घर

“छान ठेवलंय हो तुम्ही घर,” आई म्हणाली.

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत रुमाल आणि कंगवा. कुणी निघा म्हटलं की लगेच उठता यावं, अशी.

“आई, हे तुझंच घर आहे,” मुलगा म्हणाला.

“असं कसं? तुमचं ते तुमचं.” मग सुनेकडे वळून ती म्हणाली, “चहा मात्र झकास झालाय हं.”

“ऐकलंत?” सून नवऱ्याला म्हणाली. “लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंनी माझ्या चहाला आज पहिल्यांदा चांगलं म्हटलं.”

त्याला हसू आलं नाही. लहानपणी आई त्याला ठोंब्या म्हणायची. कपाळावरचे केस मागे सारायची आणि म्हणायची. आता ती त्याला ‘साहेब’ म्हणे, नाहीतर ‘अहो भाऊ’. तिने एकदा तरी ठोंब्या म्हणून हाक मारावी, मग पुढे काय व्हायचं ते होवो, एवढंच त्याच्या मनात होतं.

ओळखीच्या वस्तू नजरेसमोर ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने ते जरा जास्तच मनावर घेतलं. बाबा गेल्यावर आईनेच हळूहळू सगळं घर बदललं होतं. खिडक्या मोठ्या केल्या, भिंतींना पिवळा रंग दिला, जुनं सामान माळ्यावर टाकलं. आता घर पुन्हा बाबांच्या वेळचं करायचं, असं त्याने ठरवलं.

“लोक जुन्याचं नवं करतात,” सून म्हणाली. “आमच्याकडे सगळं उलटंच.”

सुट्टीच्या दिवशी तो कामाला लागे. विजेच्या बटणांच्या पाटीमागचा रंग नखाने खरवडला, तेव्हा खाली जुना राखाडी सापडला. तसाच रंग त्याने दुकानातून बनवून आणला आणि एकेक खोली रंगवली. खिडकीच्या खालच्या काचांनाही रंग लावला. रस्त्यावरून आतलं दिसू नये म्हणून बाबा तसं करत. त्यांची आरामखुर्ची त्याने खाली उतरवली, नवा वेत भरला आणि पूर्वीसारखी दाराकडे तोंड करून ठेवली.

खुर्ची पुसताना त्याला बाबांची फार आठवण आली. आई अधूनमधून मामाकडे जायची. जाताना सांगायचीही नाही. तो शाळेतून आला की घरात फक्त बाबा असत. मग ते स्वतः स्वयंपाक करत, त्याला जवळ घेऊन गोष्टी सांगत. बाबांनी कधी आवाज चढवलेला त्याने ऐकला नव्हता.

आणि घराचा गुण येऊ लागला. हे घर कुणाचं, असं आई विचारेनाशी झाली. पिशवी तिने कोपऱ्यात ठेवून दिली. सगळ्यांच्या आधी उठून ती झाडलोट करू लागली. खुर्चीवर बसणं तिने सोडलं, भिंतीला टेकून खालीच बसे. एकदा तिने त्याला विचारलं, “पाणी पिऊ का?”

“रुळली बघ,” तो बायकोला म्हणाला. “पाहुणी नाही राहिली आता.”

“रुळल्या कसल्या? तोंडातून शब्द नाही निघत. त्यापेक्षा माझ्या चहाचं कौतुक करत होत्या तेच बरं होतं.”

“तुला नाही कळायचं. ती तशीच होती. अबोल.”

एका दुपारी आत्या आली. दार त्यानेच उघडलं. त्याला पाहून ती उंबऱ्यातच थांबली.

“काय गं?”

“काही नाही. दिवसेंदिवस अगदी दादासारखा दिसायला लागलास.”

तिने आरामखुर्ची पाहिली, पण तिच्यावर बसली नाही. तो तिला कौतुकाने घरभर फिरवत होता. स्वयंपाकघरामागे बिनखिडकीची कोठी होती. बाबा गेले त्याच आठवड्यात आईने तिचं दार आपल्या हाताने उतरवून माळ्यावर टाकलं होतं.

“एवढं दार बसवलं की संपलं काम,” तो म्हणाला.

“ते राहू दे रे. पडदा लाव. पडदा शोभून दिसतो.”

“अगं, चौकटीला बिजागऱ्यांच्या खाचा तशाच आहेत. दारही धड आहे.”

“माझं ऐक.”

“पण का?”

आत्याने भिंतीशी बसलेल्या वहिनीकडे पाहिलं. “धान्याला हवा लागते,” ती म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

पुढच्या सुट्टीला त्याने दार खाली आणलं. सून ओल्या फडक्याने पुसत होती. आतल्या बाजूला, खाली, लाकडावर ओरखडेच ओरखडे होते.

“हे काय हो?”

“मांजर,” तो हसला. “आमच्या कोठीत व्यायची. अंगावर येईल म्हणून बाबा मला दाराजवळ फिरकूही द्यायचे नाहीत.”

“मग हे घासून काढा. रंग लावा.”

“नको. जसं होतं तसंच हवं.”

दार चौकटीत चपखल बसलं. बाहेरच्या बाजूला स्क्रूची जुनी भोकं होती, त्यांवर जुनी कडीही नेमकी बसली. त्याने ती घासून लख्ख केली होती. एकदा सरकवून पाहिली. तोच आवाज आला.

त्या आवाजासरशी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिने सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत ओळख होती. त्याने कडी काढून दार सताड उघडलं आणि तिच्यासाठी बाजूला सरला.

“ये, आई. बघ.”

मान खाली घालून ती त्याच्याजवळून आत गेली. पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर बसली.

“लावा कडी,” ती हळूच म्हणाली. “ओरडणार नाही मी. ठोंब्या शाळेतून आला की सांगा, आई मामाकडे गेलीय.”