लग्नाच्या पाहुण्यांसाठी सूचना

समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नाला आलेले मुंबईकर पाहुणे संध्याकाळी वाळूतल्या टपरीवर न जाता घरातच जेवले, तर त्यांना खोल्या भाड्याने देणाऱ्या विमलाचा अख्ख्या पावसाळ्याचा किराणा सुटणार होता. म्हणून तिने आल्या आल्याच सगळ्यांना बजावलं, "उन्हात टोपी घाला, उंच टाचांच्या चपला वाळूत हातात घेवा. आणि तिन्हीसांजेक भायर जाव नकात. कातळावरसून एक बाई हाका मारता. तिका ओ दिल्यात, तर ती घेवन जाता."

"आये, ही बाई खंयची गो?" स्वयंपाकघरात तिच्या लेकीने, दीपिकाने विचारलं.

"माज्या चुलीतली!" विमला हसली. "जा, जेवणाक कातळावरची कालवां काढून घेवन ये."

विमला बाजारातून नारळ घेऊन परतली तेव्हा भरती चढली होती, आणि पाहुणे दारंखिडक्या लावून शहाण्यासारखे घरात बसले होते.

"वहिनी, तुमचं खरं निघालं हो!" त्यांच्यातले एक काका कुजबुजले. "कातळावरून बाई ओरडत होती, 'काका, धावा' म्हणून. आमच्यातल्या एकानेही ओ दिली नाही."



लग्न थाटात लागलं, पाहुणे सुखरूप परतले. कातळावरच्या त्या बाईला गाव आता दीपिका म्हणतं.