कोकिलिना

"अजून खाली वाक. अशी उभ्या उभ्या नाही दिसायची ती!" म्हात्रे सर काठावरून ओरडले.

प्रणाली वाकली. ओहोटीनंतर रेवदंड्याच्या खडकात थोडं पाणी साचलं होतं आणि त्यात तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी चिकटल्या होत्या. ब्रशने अलगद सोडवून ती त्या डबीत टाकत होती. सरांचे गुडघे आता त्यांना खडकात उतरू देत नव्हते. जीभ मात्र कॉलेजात होती तशीच चालत होती.

इथल्याच गोगलगायींवरून सरांनी तरुणपणी ही प्रजाती वेगळी ठरवली आणि तिला बायकोचं नाव दिलं, कोकिलिना.

"तिला सांगितलं, तर म्हणाली, 'एवढ्याशा किड्याला माझा नाव? पापलेट न्हाय गावला व्हय?'" सर हसले. कोकिळाकाकू जाऊन बरीच वर्षं झाली होती.

शिकत असताना प्रणाली सुट्टीभर यांच्याकडेच राहायची. काकू ताटलीत सुईने गोगलगायी निवडायच्या आणि मध्येच उठून तिच्या पानात तळलेली मांदेली वाढायच्या. तसं घर पुन्हा कुठे मिळालं नाही. तरी नोकरी लागल्यावर येणं कमी झालं आणि अलीकडे तर ती मुद्दामच टाळत होती.

कारण डीएनएच्या तपासणीत कोकिलिना वेगळी निघालीच नव्हती. ती एका जुन्याच प्रजातीतली होती. प्रणालीने तसा लेख एका मासिकाकडे पाठवला होता. तो छापून आला, की काकूंचं नाव शास्त्रातून पुसलं जाणार होतं. हे सरांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

लेख दोन तज्ज्ञ तपासतात, पण त्यांची नावं लेखकाला कळू देत नाहीत. एकाने लगेच होकार दिला. दुसरा खडूस निघाला. मूळ जागेवर स्वतः जाऊन ताज्या गोगलगायी आणा आणि पुन्हा तपासा, म्हणाला. झक मारत यावं लागलं. सरांना तिने 'सहज आले, आलेच आहे तर थोड्या गोगलगायी नेते' एवढंच सांगितलं होतं.

घरी सरांनी स्वतः चहा केला. साखर नेहमीसारखी जास्त पडली होती.

"काम काय म्हणतंय?"

"चाललंय." भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे तिला बघवेना. "एक लेख पाठवला होता, सर. तो मागे घेतेय."

"का?"

"चुकलाय जरा."

सरांनी बशी खाली ठेवली.

"चुकलेला नाही. पहिल्याच वाचनात पटला होता मला. पण ताज्या गोगलगायी मागितल्या नसत्या, तर तू इकडे फिरकली असतीस का?"