टेप खराब निघाली

“टेप म्हणजे शेवटी पट्टीच. आज चालेल, उद्या दगा देईल. तुम्हाला अनुभव आलाच आहे, शेठ,” पुण्याहून आलेला विक्रेता म्हणाला आणि त्याने माणकचंदशेठांपुढे नव्या कॉम्प्युटर मशीनचं रंगीत माहितीपत्रक सरकवलं.

शेठ धुळ्याच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्याचे मुख्य विश्वस्त. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर विभागाचे भंगाळे बसले होते. त्यांच्या चहावर साय धरली होती.

गेल्या आठवड्यात दवाखान्याच्या युनिक्स कॉम्प्युटरची डिस्क गेली. सगळ्या रुग्णांची माहिती तिच्यात होती, आणि तिची एकुलती एक प्रत टेपवर. नवी डिस्क बसवून भंगाळेंनी टेप आत घातली. टेपवरचं उतरवून घ्यायचं तर कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञेत एक अक्षर लागतं, टेपवर नव्याने लिहायचं तर दुसरं. घाईत त्यांनी दुसरं दाबलं. टेप फिरायला लागली. चूक कळून थांबवेपर्यंत रिकाम्या डिस्कवरचं किडूकमिडूक टेपवर चढलं होतं आणि आधीचं सगळं गेलं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ऑपरेटर इंदिराबाई जेवायला गेल्या होत्या.

त्या परत आल्या तेव्हा भंगाळे म्हणाले, “टेप खराब निघाली.”

तेवढंच. बाकीचं लोकांनी आपणच जुळवलं. टेप कोण ठेवायचं? इंदिराबाई. कपाट कुठे? खिडकीपाशी. ऊन, धूळ, निष्काळजीपणा. बाईंना भडगावच्या केंद्रावर पाठवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

“दुसरं मशीन घेऊन टाकू,” शेठ म्हणाले. “एक बंद पडलं की दुसरं सुरू. टेपची भानगडच नको. खेड्यावरची शिबिरं मात्र यंदा थांबवावी लागतील, दोन्ही झेपणार नाही. बोला भंगाळेसाहेब, तुमचं काय म्हणणं?”

भंगाळेंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“शेठ, रोज वेगळी टेप वापरू. एक प्रत जळगावच्या शाखेत पाठवत जाऊ, एसटीच्या पार्सलने. इथे आग लागली तरी तिथली राहील. आणि अधूनमधून टेपवरून परत उतरवून बघत जाऊ, सगळं येतंय की नाही ते. तेवढं पुरे आहे. शिबिरं थांबवायची गरज नाही.”

“ज्या टेपने बुडवलं, पुन्हा तिच्याच भरवशावर?”

“टेप खराब नव्हती.”

विक्रेत्याने मान वर केली.

“मग?” शेठांनी विचारलं.

सांगायचं ते भंगाळेंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

“म्हणजे... इंदिराबाईंनी ती नीटच ठेवली होती. चूक माणसाच्या हातून होते, शेठ. कोणाच्याही.”

शेठ त्यांच्याकडे बघत राहिले. मग हसले.

“बघा,” ते विक्रेत्याला म्हणाले, “हाताखालच्या माणसाला कसे सांभाळून घेतात. साहेब असावा तर असा.” आणि भंगाळेंकडे वळून म्हणाले, “चला, तुमच्या शब्दाखातर बाईंची बदली रद्द. पण मशीन घ्यायचंच. चूक माणसाच्या हातून होते म्हणता ना? मग माणसाचा हात लागायलाच नको.”

शेठांनी पेन उघडलं. थोड्या वेळाने भंगाळे उठून बाहेर आले.

व्हरांड्यात रुग्णांची रांग होती. इंदिराबाई टेबल टाकून एकेकाला सगळं पहिल्यापासून विचारत होत्या.

“आजी, आधी कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन झालं?”

“बाई, मी तं बठ्ठं मांगेच सांगेल शे!” मागेच सगळं सांगून झालेली म्हातारी करवादली. “कितला दाव सांगू?”

भंगाळेंना पाहून इंदिराबाई उठून उभ्या राहिल्या. चहाचे कप न्यायला गेलेल्या शिपायाने त्यांना आतलं सगळं सांगितलं होतं.

“साहेब, माझ्यासाठी बोललात. पण खरं सांगू?” त्यांनी आवाज खाली घेतला. “चुकलं माझंच असणार. घरी गेलं की तेच आठवत बसते. एकदा वावटळ आली होती आणि कपाट उघडंच राहिलं होतं. त्याच दिवशी धूळ गेली असेल टेपमध्ये.”

“नाही,” भंगाळे म्हणाले. “टेप चांगली होती. मी चुकीचं अक्षर दाबलं. माझ्याच हातून पुसली गेली ती.”

रांगेतल्या म्हातारीने आपण जायचं की थांबायचं, असं विचारलं. इंदिराबाईंनी तिला हातानेच बसायला सांगितलं.

“शेठना माहीत आहे?”

“नाही.”

इंदिराबाई टेबलामागून बाहेर आल्या. शेठांच्या खोलीपर्यंत गेल्या आणि दार ढकलून उघडं धरलं.

“शेठ आहेत अजून आत.”

आतून विक्रेता बाहेर आला. सह्या झालेले कागद त्याने बॅगेत घातले आणि भंगाळेंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“आभारी आहे, साहेब. तुमच्यामुळेच झालं हे.”

“छे, छे. त्यात काय एवढं,” भंगाळे म्हणाले.

विक्रेता जिना उतरून गेला. उघड्या दारातून शेठांचा आवाज येत होता. ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, यंदा धरणगावचं शिबिर नाही. भंगाळे जिथे होते तिथेच उभे होते.

इंदिराबाईंनी दार आणखी थोडा वेळ तसंच धरलं. मग आवाज होणार नाही इतकं हळू सोडून दिलं.